सातपाटीचा किनारा आणि ऊर्जाधोरणाचा न मांडलेला हिशेब

पालघर जिल्ह्यात डहाणूच्या खाडीपासून दक्षिणेला सातपाटीपर्यंतचा किनारा सरळ मोजला तर तीस-पस्तीस किलोमीटरच्या आत संपतो. एवढ्या टापूत कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, १४०० मेगावॅट क्षमतेचे अणुवीज केंद्र आहे आणि बोईसरला एक हजाराहून अधिक कारखान्यांची तारापूर औद्योगिक वसाहत आहे. आता वाढवणला देशातील एक अतिविशाल बंदर उभे राहत आहे, तर मुरब्यात आणखी एक बंदर प्रस्तावित आहे. पश्चिमेला खोल समुद्रात तेल आणि वायूचा शोध चालतो. या सगळ्यांच्या मधोमध मच्छीमारांचा तो पट्टा येतो, ज्याला इथले लोक ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात. पापलेट, दाढा, घोळ आणि बोंबील हे त्याचे उत्पन्न, आणि पापलेटसाठी सर्वांत नावाजलेले गाव सातपाटी. वीज, उद्योग आणि पर्यावरण यांच्या नात्याचे जवळपास सगळे प्रश्न या एका किनाऱ्यावर पाहता येतात. इथल्या प्रत्येक प्रकल्पाची परवानगी, जनसुनावणी आणि नुकसानभरपाई वेगळी झाली. परिणाम मात्र एकाच पाण्यात एकत्र आले.

सुरुवात तारापूरपासून झाली. भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ मध्ये करार झाला आणि त्याप्रमाणे तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी तंत्रज्ञानावर बांधल्या गेल्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांतून व्यापारी वीज मिळू लागली. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. प्रत्येक संचाची मूळ क्षमता २१० मेगावॅट होती, पुढे ती १६० वर आणली गेली. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांना तिथून वर्षानुवर्षे देशातल्या सर्वांत स्वस्त विजेपैकी वीज मिळाली. या भट्ट्यांच्या इंधनाची कहाणी ऊर्जाधोरणाच्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे. करारात तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवण्याची हमी होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर ती हमी मोडली. १९८२ पासून फ्रान्सने इंधन दिले, नंतर चीनने, मग रशियाने. परदेशी इंधनावर उभे असलेले केंद्र किती परावलंबी असते, हे तारापूरने प्रत्यक्ष भोगले. त्यामुळेच नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या देशी भट्ट्यांचा मार्ग पक्का झाला. तारापूरचे तिसरे आणि चौथे संच याच मार्गावरचे, प्रत्येकी ५४० मेगावॅटचे. चौथा २००५ मध्ये आणि तिसरा २००६ मध्ये व्यापारी उत्पादनात आला.

या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तिथल्या माणसांना बोईसरच्या बाजूला, किनाऱ्यापासून आत वसवले गेले. शेतकऱ्याला जमिनीच्या बदल्यात जमीन देता येते. मच्छीमाराच्या बाबतीत असा बदला नसतो. घर समुद्रापासून दूर गेले की होडी कुठे लावायची, जाळी कुठे सुकवायची, भरतीची वेळ कशी धरायची, हे सगळेच कोलमडते. मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायकांचा धंदा तर सातबाऱ्यावर कुठेच नोंदलेला नसतो. भरपाईच्या कागदात त्यांना रकानाच मिळाला नाही. पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि वीज सुरू झाल्यानंतरही वर्षे सरत राहिली.

अणुवीज केंद्राबद्दल लोकांच्या मनातली पहिली भीती किरणोत्साराची असते. नेहमीच्या कामकाजातून बाहेर पडणाऱ्या किरणोत्सारावर नियामक मंडळाच्या मर्यादा आहेत आणि तारापूरला पाणी, मासे, दूध यांची नियमित तपासणी करणारी प्रयोगशाळाही आहे. खरी चर्चा अपघाताच्या शक्यतेभोवती फिरते. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात बिघडलेल्या भट्ट्या तारापूरच्या पहिल्या दोन संचांप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आणि त्याच अमेरिकी घराण्यातल्या होत्या. त्यानंतर तारापूरच्या सुरक्षेची फेरतपासणी झाली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, लहानमोठ्या भूकंपांची मालिका सुरू झाली तेव्हा हा प्रश्न पुन्हा वर आला. ते धक्के केंद्राला धोका ठरतील असे नव्हते. तरीही हादरणाऱ्या घरांत, अनेकदा घराबाहेर, रात्री काढणाऱ्या आदिवासी पाड्यांना आणि किनाऱ्यावरच्या गावांना त्यांच्या भाषेत नीट माहिती देणे हे सरकारचे काम होते. त्यात कमतरता राहिली. वापरलेल्या इंधनाचा मुद्दा त्याहून कमी बोलला जातो. पहिल्या दोन संचांतले अमेरिकी इंधन पुनर्प्रक्रियेसाठी वापरण्यावर अमेरिकेची संमती मिळाली नाही, म्हणून ते तारापूरच्या आवारातच साठवले गेले. दोन्ही जुने संच २०२० मध्ये दीर्घ दुरुस्तीसाठी थांबवण्यात आले. त्यांचे आयुष्य वाढवावे की ते कायमचे बंद करावेत, हा प्रश्न त्यानंतर तज्ज्ञांपुढे आला.

किरणोत्सारापेक्षा समुद्राला रोज जाणवणारी गोष्ट म्हणजे उष्णता. अणुभट्टीत निर्माण झालेल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाची वीज होते. उरलेली दोन तृतीयांश थंड करण्याच्या पाण्यातून बाहेर टाकावी लागते. म्हणजे एक एकक वीज तयार होताना जवळपास दोन एकके उष्णता समुद्रात जाते. नियमांनुसार सोडलेले पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम असता कामा नये. ही मर्यादा पाळली तरी दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक, पाणी आत ओढले जाते तेव्हा त्यात माशांची अंडी, पिल्ले आणि त्यांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीवही ओढले जातात. दुसरी, पाणी बाहेर पडते तिथे उथळ समुद्राचा एक तुकडा कायम उबदार राहतो आणि काही मासे तो टाळतात. ती ऊब दूरवर पोहोचते असा दावा कोणी करत नाही. पण डहाणूचे औष्णिक केंद्रही थंडाव्यासाठी समुद्राच्याच पाण्यावर चालते, आणि आता अरबी समुद्रच तापतो आहे. तीन ठिकाणची ऊब एकत्र मोजून तिचा पापलेटवर काय परिणाम होतो हे पाहणारी सरकारी यंत्रणा आजवर उभी राहिलेली नाही.

डहाणूच्या औष्णिक केंद्राचा इतिहास या आढाव्यात सविस्तर यायला हवा. या किनाऱ्यावर स्थानिक नियंत्रण प्रत्यक्ष चालले याचे सर्वांत ठळक उदाहरण तेच आहे. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीने चिकूच्या बागा आणि खाडी यांच्या मधली जागा निवडली. १९८९ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. स्थानिक बागायतदार आणि पर्यावरणवादी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र थांबवण्यास नकार दिला. मात्र धुरातला गंधक काढून टाकणाऱ्या यंत्रणेची अट पुरेसा विचार केल्याशिवाय शिथिल करू नये असे बजावले. त्याच वर्षी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. प्रदूषणकारी उद्योगांना बंदी घातली गेली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा ठरला. औष्णिक केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्षपद निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्याकडे आले आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

या प्राधिकरणाने १९९९ मध्ये औष्णिक केंद्राला गंधक काढण्याची यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने खर्चाची आणि गरजेची कारणे पुढे केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, बँक हमीची अट घातली गेली आणि अखेर २००७ मध्ये यंत्रणा बसली. दरम्यान कंपनीची मालकी रिलायन्सकडे गेली होती, २०१८ मध्ये ती अदानीकडे आली. यंत्रणा मात्र चालू राहिली. देशपातळीवर हाच विषय कसा हाताळला गेला ते यासोबत ठेवून पाहावे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने सर्व औष्णिक केंद्रांसाठी गंधकाच्या उत्सर्जनाचे निकष जाहीर केले आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत वारंवार वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने देशातल्या बहुसंख्य संचांना ही यंत्रणा बसवण्यातून सूटच दिली. भारतीय कोळशात गंधक कमी असतो, यंत्रणेवरचा खर्च विजेच्या दरात येईल आणि चुनखडी वाहून नेण्यातही उत्सर्जन होते, ही त्यामागची सरकारी कारणमीमांसा. तिच्यातले काही मुद्दे विचार करण्यासारखे आहेत. तरीही डहाणूने या वादाला अठरा वर्षे आधी उत्तर दिले होते: अट घातली, पाठपुरावा केला तर यंत्रणा बसते आणि वीजही मिळत राहते.

डहाणूच्या यंत्रणेची एक बाजू सातपाटीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती चुनखडी वापरत नाही, समुद्राचे पाणी वापरते. धूर खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यातून जातो, गंधकाचा वायू पाण्यात विरघळतो, मग त्या पाण्यात हवा सोडली की त्याचे सल्फेट होते आणि ते समुद्राकडे परत जाते. समुद्रात सल्फेट मुळातच भरपूर असते, त्यामुळे हा मार्ग शास्त्रीयदृष्ट्या मान्य आहे. चिकूच्या बागांना त्याचा फायदा झाला. पाण्याचे काय, याची तपासणी मात्र हवेइतक्या कसोशीने झाली पाहिजे, कारण शेवटी सगळे येऊन मिळते ते खाडीला.

खाडीला मिळणाऱ्या पाण्याचा सर्वांत वाईट हिशेब बोईसरच्या औद्योगिक वसाहतीचा आहे. औषधे, रसायने, रंग, कापड आणि पोलाद यांचे कारखाने इथे आहेत. सामुदायिक सांडपाणी केंद्राची क्षमता वर्षानुवर्षे येणाऱ्या सांडपाण्यापेक्षा कमी होती. प्रक्रिया केलेले, आणि कित्येकदा पुरती प्रक्रिया न झालेले, पाणी वाहिनीने नवापूरच्या समुद्रात सोडले जात होते. काही पाणी नाल्यांनी थेट मुरबे-सातपाटीच्या खाडीकडे उतरत होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात ७० च्या वर गेलेले क्षेत्र अतिप्रदूषित ठरते. २००९ मध्ये तारापूरचा आकडा ७२.०१ होता. २०१८ मध्ये, मोजण्याची पद्धत मध्यंतरी बदलल्यानंतर, तो ९३.६९ आला आणि तारापूर देशात पहिल्या क्रमांकावर गेले.

याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्यांचीच संघटना. २०१६ च्या त्या अर्जावर जानेवारी २०२२ मध्ये लवादाने सांडपाणी केंद्र आणि कारखाने यांच्यावर मिळून शंभर कोटींहून अधिक भरपाई बसवली. उद्योगांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दरम्यान नवे, ५० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभारले गेले आणि सांडपाणी समुद्रात सुमारे सात किलोमीटर आत नेऊन सोडण्याची वाहिनी पुढे आली. किनाऱ्यावरचे लोक तिला विरोध करत आले आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. दालदी आणि डोल जाळी लागतात ती त्याच अंतरात. पाणी खरोखर शुद्ध असेल तर ते एवढ्या दूर न्यायचे कारण नाही. ते शुद्ध नसेल तर दूर नेल्याने मासळीचा प्रश्न सुटत नाही.

उद्योगांचा ऊर्जाधोरणाशी संबंध सहसा फक्त मागणीच्या आकड्यात दाखवला जातो. बोईसरची वसाहत वीज घेते, म्हणून वीज हवी. सांडपाणी शुद्ध करायलाही वीज लागते, आणि तिचे बिल वाचवण्यासाठी प्रक्रियेत काटछाट होते, ही बाजू धोरणाच्या कागदात येत नाही. स्वस्त विजेचा लाभ कारखान्याला आणि घाणीचा खर्च खाडीला, अशी ही वाटणी आहे.

तेलाचा शोध हा आणखी एक थर. मुंबई हायचा तेलसाठा १९७४ मध्ये सापडला. त्यानंतर या समुद्रात भूकंपीय सर्वेक्षणे होत आली. सर्वेक्षणाचे जहाज लांबच लांब केबल ओढत जाते, ठराविक अंतराने पाण्यात हवेचे स्फोट केले जातात आणि त्या काळात मच्छीमारांना तो भाग मोकळा ठेवावा लागतो. पावसाळ्यात सर्वेक्षण शक्य नसते, म्हणून ते ऐन हंगामात येते. १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारी बंदी पाळून, ऑगस्टनंतर मिळणाऱ्या महिन्यांतले आठवडे त्यात जातात. भरपाई मिळवण्यासाठी पालघरच्या मच्छीमारांना आंदोलने करावी लागली. मिळाली ती नौकांच्या हिशेबाने मोजली गेली. खलाशी आणि मासळी विक्रेत्या बाया पुन्हा हिशेबाबाहेर राहिल्या.

वाढवणचे बंदर हे वीज प्रकल्प नाही, पण ज्या कायदेशीर चौकटीने डहाणूच्या औष्णिक केंद्राला वेसण घातली तीच चौकट इथे पणाला लागली. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन कंपनीच्या बंदराचा प्रस्ताव प्राधिकरणाने फेटाळला होता. पुढे बंदराला प्रदूषणकारी उद्योगांच्या लाल वर्गात धरायचे की नाही, यावर वाद झाला आणि केंद्राने त्यातून वाट काढून दिली. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने ना हरकत दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांत काळे झेंडे लागले होते. प्रकल्पात १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालायचा आहे आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत बांधायची आहे. भरावासाठी लागणारी वाळू दमणच्या समुद्रातून येणार आहे. उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बंदराच्या बाजूने रोजगार, खोल पाण्याची नैसर्गिक सोय आणि मालवाहतुकीत वाचणारे इंधन ही कारणे दिली जातात. शेवटचे कारण दखल घेण्याजोगे आहे: मोठी जहाजे थेट आली तर प्रत्येक कंटेनरमागचा इंधनखर्च कमी होतो. पण भरावाने प्रवाह बदलले तर किनाऱ्याची धूप कुठे सरकेल, हे संगणकी प्रारूपावर सोडून चालत नाही. सातपाटीचा धूपप्रतिबंधक बंधारा आताच ठिकठिकाणी ढासळला आहे. उधाणाच्या भरतीला पाणी वस्तीत येते, आणि खाडीत गाळ साचल्याने ओहोटीला होड्या तोंडाशीच अडकून राहतात.

त्याच खाडीच्या पलीकडच्या तीरावर मुरबे आहे. तिथे जेएसडब्ल्यूचे सुमारे ४,२५९ कोटींचे बंदर प्रस्तावित आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेल्या जनसुनावणीला किनाऱ्यावरची गावेच्या गावे विरोध नोंदवायला आली.

पापलेट कमी होण्याचे सगळे खापर मात्र प्रकल्पांवर फोडणे बरोबर होणार नाही. पर्ससीन आणि ट्रॉलर यांनी केलेली बेसुमार मासेमारी, विजेच्या प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करण्याची बंदी असलेली पद्धत, आणि बारीक आसाच्या जाळ्यांत सापडणारी पापलेटची पिल्ले ही कारणे तितकीच मोठी आहेत. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले. २०२१ मध्ये सागरी मासेमारी कायदा कडक केला. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केले आणि त्याच वर्षी पकडण्याजोग्या माशांची किमान लांबी ठरवली. यातल्या बऱ्याच गोष्टी सातपाटीच्या मच्छीमारांनी आधीच मागितल्या होत्या. मच्छीमारांची स्वतःची ऊर्जाही डिझेलची आहे. मासा जवळ मिळत नाही म्हणून नौका लांब जातात, डिझेल जास्त लागते, आणि डिझेलवरच्या कराचा परतावा महिनोन्‌महिने थकतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे यांना शेतीच्या दराने वीज मिळाली तर या धंद्याला खरा आधार होईल.

हवामानबदलाच्या काळात अणुऊर्जेची बाजू नव्याने बळकट झाली आहे. कोळशापेक्षा तिचे कार्बन उत्सर्जन फारच कमी असते आणि ती रात्रंदिवस चालते. ही दोन्ही विधाने खरी आहेत. केंद्राने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचे लक्ष्य ठेवले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर करून या क्षेत्रात खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली आणि यंत्रसामग्री पुरवणाऱ्यांवरचे दायित्व हलके केले. छोट्या देशी भट्टीचा २०० मेगावॅटचा पहिला संच तारापूरच्या आवारातच उभारण्याचे नियोजन आहे. जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाला मच्छीमारांचा तीव्र विरोध झाला. तारापूरची जागा आधीपासून ताब्यात असल्याने नवा संच इथे आणणे सोपे वाटते. या सोयीतच धोका आहे. आधी अर्धशतक भार सोसलेल्या किनाऱ्यावर नवा भार टाकताना एकट्या नव्या संचाचा अभ्यास पुरेसा नाही.

एकत्रित परिणामांचा अभ्यास कसा करायचा, हे शास्त्राला ठाऊक आहे. एका किनारपट्टीतले सगळे उष्ण पाणी, सगळे सांडपाणी, सगळे भराव आणि सगळी मासेमारी एकाच आराखड्यात मांडायची, आणि सहनशक्तीची मर्यादा आधी ठरवून मग परवानग्या द्यायच्या. त्यासाठी लागणारी जुनी मोजमापे सातपाटीतच आहेत. इथल्या दोन मच्छीमार सहकारी संस्था पापलेट वजनाप्रमाणे प्रतवारी करून घेतात आणि त्याची नोंद ठेवतात. कोणत्या वर्षी मोठा मासा किती आला आणि लहान किती, याचा इतका सलग पुरावा किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कोणत्याही कार्यालयात मिळणे अवघड आहे. मुरबे बंदराला किंवा तारापूरच्या नव्या संचाला अंतिम परवानगी देण्याआधी राज्य सरकारने आणि अणुऊर्जा विभागाने या वह्या मागवून घ्याव्यात, त्या आधारावर डहाणू ते सातपाटी या पट्ट्याचा एकत्रित अभ्यास करावा आणि तो मराठीत गावागावांत वाचून दाखवावा. तोवर या किनाऱ्यावर कोणतीही नवी परवानगी देऊ नये.